बावीस नावांचा कागद

९ जानेवारी

दादा,

पोचल्यावर पत्र टाकते म्हणाले होते, त्याला आता दोन महिने झाले. रोज लिहायला बसायचं ठरवते आणि रोज काहीतरी दुसरं काम काढते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि वहिनी फोनवर येत नाही. म्हणून पत्रच.

दोन दिवस राहून निघाले याची टोचणी आहे. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एकुलता एक मुलगा गेल्यावर कुणी कुणाशी काय बोलायचं, असं मी मनाला समजावलं. ती दवाखान्यात ड्यूटीवर जायला लागली का?

आता कामाचं. लिहिल्याशिवाय सुटका नाही. आमची संस्था आणखी तीन गावांत तुमच्यासारखी, दोन्ही बाजूंच्या पोरांनी एकत्र यायची खोली सुरू करणार आहे. तिन्ही गावं तुमच्यासारखीच. मध्ये कालवा, नाहीतर रूळ, आणि दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांना ओळखूनही ओळख न देणारी. असली कामं बाकी ठिकाणी सहा महिन्यांत आटोपतात. तुमची खोली अडीच वर्षं चालली. साहेब मला विचारतात, तिथे असं काय केलं होतं? मी म्हटलं, ते सांगणारा आता नाही, पण त्याचे वडील आहेत आणि खोली त्यांच्याच घरातली आहे. जमेल तसं लिहून कळव.

दुसरी गोष्ट यादीची. बावीस पोरांची नावं, पत्त्यांसकट, कालव्याच्या दोन्ही बाजूंना फिरली. "त्या बाजूच्यांबरोबर बसता काय" म्हणून त्यांना त्यांच्याच बाजूच्यांनी घरात घुसून मारलं, आणि पाचव्या दिवशी आपला पोरगा पुलावर मारला गेला. यादी दोनच ठिकाणी होती, तुझ्या घरी आणि माझ्या टेबलावर. ती बाहेर कशी गेली याची चौकशी संस्थेने सुरू केली आहे. आमच्या ऑफिसातून गेली असं निघालं तर तिन्ही खोल्या उघडण्याआधीच बंद. तसं निघालं नाही तर एप्रिलमध्ये उघडतील.

त्यात माझं काय व्हायचं ते होवो. तू सावकाश लिही.

तुझी
छोटी


२० जानेवारी

छोटी,

पत्र मिळालं. वहिनी ड्यूटीवर जाते. घरी आली की गणवेश धुते आणि झोपते.

मला लिहिण्याची सवय म्हणजे दाखले, रजेच्या नोंदी आणि वरिष्ठांना सविनय सादर. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं तेच केलं. तेव्हा आठवेल तसं लिहितो, तू तुझ्या पद्धतीने लाव.

खोली रस्त्याच्या बाजूची आहे हे तुला माहीत आहे. दार थेट रस्त्यावर उघडतं, म्हणजे आमच्या घरात पाय न ठेवता आत येता येतं. चार वर्षांपूर्वीच्या दंगलीनंतर दुपार झाली की पुलावर कुणी फिरकत नव्हतं. आपल्या पोराने या खोलीत सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. कुणाचीही सायकल, दोन्ही बाजूंची. अट एकच. एकट्याने सायकलला हात लावायचा नाही, एक अलीकडचा आणि एक पलीकडचा असे दोघं लागले पाहिजेत. एकाने चाक धरायचं, दुसऱ्याने आउट काढायची, म्हणजे वाकडं चाक सरळ करायचं. पहिले दोन महिने फक्त दोनच पोरं यायची. तरी तो रोज पाच वाजता दार उघडायचा.

पान्यांचा संच एकच होता. तुमच्या ऑफिसाने दुसरा पाठवला होता, तो त्याने परत केला, हे तुला आठवत असेल. तेव्हा मी त्याला शहाणा म्हणालो होतो, चांगल्या अर्थाने नाही. तो म्हणाला, "बाबा, दोन संच झाले की दोन कोपरे होतील. एक असला की मागावा लागतो."

नाव सांगायचं नाही, हीसुद्धा अट होती. आमच्याकडे नाव सांगितलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. म्हणून सगळ्यांना टोपणनावं. आपला पोरगा मुकादम. उंच होता तो खांब. दात पडलेला तो बोळका. एकोणीस वर्षांचा पण केस पिकलेला, तो आजोबा. एक मुलगी हाडाची काडी, तिचं नाव काडीच. तिची जीभ मात्र पान्यासारखी चालायची. खांबाला म्हणायची, जरा खाली वाक, तुझ्यावर तारा ओढायच्या नाहीत. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचो आणि मला हसू यायचं.

भांडणं व्हायची. एकदा आजोबाने एकाला पंप फेकून मारला. तेव्हा ठरलं की आधी सायकल, मग भांडण. सायकल होईपर्यंत बहुतेक वेळा घरी जायची वेळ झालेली असायची.

शांतता हा शब्द मी त्या खोलीत ऐकला नाही. तुमचे एक पाहुणे त्यावर बोलायला उभे राहिले, तेव्हा बोळका म्हणाला, जरा मोठ्याने बोला, हवा भरणं चालू आहे. फोटो काढू दिले नाहीत. भिंतीवर फलक लावू दिला नाही. पोरांच्या आया सुरुवातीला उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आत काय चाललंय ते बघायच्या. त्याने त्यांना खुर्च्या दिल्या, विचारलं काहीच नाही. वर्षभराने त्या आपापसात बोलायला लागल्या. मला वाटतं, खोली टिकली ती त्या खुर्च्यांमुळे.

एवढंच आठवतं. खोली सध्या बंद आहे. सहा सायकली पडून आहेत.

यादीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दादा


२९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र साहेबांनी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. एकच संच हे त्यांनी तिन्ही गावांना कळवलंय. आयांच्या खुर्च्याही. आमच्याकडे असल्या कामांवर जाड जाड पुस्तकं आहेत, त्यात खुर्चीचा उल्लेख कुठेही नाही. आणि तू म्हणतोस तुला लिहिता येत नाही.

पण तू नाव न सांगण्याचं लिहिलंस आणि पुढे मला वाचवेना.

पुढच्या वर्षाच्या मंजुरीसाठी नावं हवीत असं मीच कळवलं होतं. वरून मागितली होती, पण पत्र माझ्या सहीचं होतं. त्याने लिहिलं, आत्या, नावं मागू नकोस, नावं आली की खोली गेली. मी त्याला उत्तर दिलं नाही. मी तुला लिहिलं, दादा, तू त्याला समजाव. आणि तू यादी करून पाठवलीस, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, रेघा आखून, अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, पत्ता. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितली होती. असा कागद हल्ली बघायला मिळत नाही म्हणाले होते.

आता एक मदत हवी आहे. जो कागद लोकांत फिरला, तो कुणाकडे तरी असेलच. मिळाला तर पाठव. आमच्या फाइलीत तुझी मूळ यादी आहे. दोन्ही शेजारी ठेवले की तो कागद आमच्याकडच्या प्रतीवरून काढलाय की नाही ते कळेल. चौकशी त्यावरच अडली आहे.

वहिनीला माझा नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

छोटी


१४ फेब्रुवारी

छोटी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये खोकला होता.

तू म्हणतेस तो कागद माझ्याकडे नाही. पोलिसांकडे असेल, पण तिथे जायला माझे पाय वळत नाहीत. शेजारी विचारून बघितलं, कुणी ठेवला नाही म्हणतात.

वहिनीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. यादी ऑफिसातून गेली असं तिच्या मनाने घेतलंय. घरात तुझा विषय निघत नाही.

परवा काडी आली होती. त्या सहांत तिची सायकल आहे. मी खोली उघडली, दिवा लावला, चाकात हवा भरतो म्हणालो. ती रस्त्यावरच उभी राहिली. बस म्हटलं तर "काका, राहू द्या" म्हणाली, आणि हवा नसलेली सायकल ढकलत घेऊन गेली. घाबरली असेल. तो गेला तेव्हाही बावीस जणांपैकी एकही आला नव्हता. घरून सोडलं नसेल. अशा दिवसांत कोण सोडेल.

उरलेल्या पाच सायकलींच्या चेनला तेल घातलं.

दादा


३ मार्च

दादा,

कागद नाही तर नाही. त्याच्यावाचूनच ठरवावं लागेल.

गेले पंधरा दिवस मी ऑक्टोबर महिना आठवत बसले आहे. एका दुपारी बाहेरगावचं शिष्टमंडळ आलं होतं, नऊ-दहा माणसं. माझ्या टेबलाभोवती उभी राहून चहा पीत होती. तुझी फाइल टेबलावर उघडी होती. मी मध्ये दोनदा उठून गेले. आल्यावर फाइल होती तशीच होती असं वाटतं, पण आता शपथेवर सांगता येत नाही. त्यातला कोण कुठला, कुणाच्या ओळखीचा, मला काय माहीत. जितकं आठवते तितकं वाटतं की तिथूनच गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, ताई, तुम्ही आठवत नाही आहात, तुम्ही रचताय. असेलही.

पंधरा तारखेपर्यंत मला लेखी द्यायचं आहे. ऑफिसातून गेली, की गेली नाही. गेली असं लिहिलं तर तीन गावांतल्या पोरांनी जमवलेलं सगळं मोडलं. नाही लिहिलं आणि गेली असली, तर उद्या त्या तीन गावांच्या यादीचंही हेच होईल.

म्हणून तुला एकदाच विचारते, राग मानू नकोस. तुझ्याकडून काही झालं नाही ना? एका ओळीत कळव. तू नाही म्हणालास की माझ्यासाठी तो प्रश्न संपला.

छोटी


१२ मार्च

छोटी,

यादीची प्रत माझ्या कपाटात कुलपात आहे. मी ती कुणालाही दिलेली नाही.

तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तब्येत सांभाळ. इकडे ऊन वाढलं आहे.

दादा


२८ मार्च

दादा,

तुझी ओळ चौदाला मिळाली. पंधराला मी सही केली. यादी माझ्या टेबलावरून, माझ्या हलगर्जीपणामुळे गेली असावी, असं लिहून दिलं. "असावी" खोडायला साहेबांनी सांगितलं, चौकशीला असावी चालत नाही म्हणाले. खोडलं.

तिन्ही खोल्या रद्द. एका गावात पोरांचा भिंतींना चुना मारून झाला होता. तिथली एक मुलगी फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही अजून काही केलंच नाही, मग आमचं चुकलं काय?" मी नियमांबद्दल काहीतरी बोलले. दुसऱ्या गावात, खोली मिळत नाही म्हटल्यावर आठवड्यातच जुनी मारामारी पुन्हा उकरली गेली. खोली असती तर झाली नसती असं मी म्हणत नाही. मला आता तसं काही म्हणता येत नाही.

नोकरी गेली. काढलं नाही, मीच सोडली, म्हणजे एकच. घरी आहे. सतरा वर्षं ज्या कामाला जायचे ते काम काय होतं हे शेजारणीला समजावून सांगायला गेले आणि अर्ध्यात थांबले.

वहिनीला सांग, तिचं बरोबर होतं.

छोटी


२ एप्रिल

छोटी,

सोबत एक कागद जोडला आहे. आधी तो बघ, मग हे वाच.

हाच तो फिरलेला कागद. तो माझ्याकडे नाही असं मी तुला लिहिलं होतं. तो आठ नोव्हेंबरपासून माझ्याकडे आहे. पोराच्या खिशात होता. त्याच्या वस्तू परत मिळाल्या त्यात मिळाला.

कागद तिरका आहे आणि पत्त्यांची शेवटची अक्षरं कापली गेली आहेत. तुमच्या फाइलीत माझी मूळ यादी आहे, ती सरळ आहे. तिच्यावरून तुमच्या ऑफिसात कुणी प्रत काढली असती तरी अशीच तिरकी आली असती असं नाही. पण मला अंदाज करायची गरज नाही. ही तिरकी प्रत निघाली तेव्हा मी समोर उभा होतो.

एकतीस वर्षांत मी एकही कागद प्रत ठेवल्याशिवाय बाहेर पाठवला नाही. यादी तुला टाकायच्या दिवशी पुलाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या मशीनचं झाकण नीट बसत नाही. पहिली प्रत ही अशी आली. मला तिरका कागद चालत नाही. मी दुसरी काढायला सांगितली, ती चांगली आली. मूळ यादी पाकिटात घातली, चांगली प्रत घरी आणली. वाया गेलेली त्याने बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. ते मी बघितलं. त्या गठ्ठ्यातल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तो येणाऱ्याजाणाऱ्याला फोन नंबर, पत्ता लिहून देतो, हेही मला माहीत होतं. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे येतात. शाळेत वाया गेलेल्या प्रती मी स्वतः फाडायचो. त्या दिवशी शाळा नव्हती म्हणून की काय, फाडली नाही.

तेव्हा बारा मार्चला तुला जे लिहिलं ते शब्दाला धरून खरं आहे. मी कुणाला दिली नाही. मी टाकून आलो.

अजून आहे. यादी करायला तो तयार नव्हता. शेवटी, बाबा, तुमच्या भरवशावर करा, म्हणाला तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि एकेकाला नाव विचारलं. पोरांनी मला सांगितलं, त्यांनी त्याला सांगितलं नसतं. खांबाने नाव सांगताना पत्ता दोनदा सांगितला, मला ऐकू आलं नसेल म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने हा कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "बाबा, हा आपल्याकडून गेला का?" मी बघताक्षणी ओळखला. मी नाही म्हणालो. ऑफिसातून गेला असेल म्हणालो. त्याने घडी घालून खिशात ठेवला, चप्पल घातली आणि गेला. मला वाटलं होतं, संध्याकाळी शांतपणे सांगू. दुपारी पुलावरून माणूस धावत आला.

नंतर वहिनी तुझ्यावर रागावली. ते मला सोयीचं झालं. तू स्वतःच तुझ्या टेबलापाशी येऊन पोचलीस, तेही मी होऊ दिलं. खोल्या बंद झाल्या तर आणखी कुणाचं पोर जाणार नाही, असंही मनात यायचं. पण ते कारण नंतर शोधलेलं आहे.

हा कागद साहेबांना दाखव. मी कुठेही येऊन लेखी द्यायला तयार आहे.

दादा


१९ एप्रिल

दादा,

कागद मिळाला. ऑफिसात घेऊन गेले. आत सोडायला आता चिठ्ठी लागते. साहेबांनी फाइल मागवली, दोन्ही शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले. मग म्हणाले, चौकशी पुरी झाली आहे, तुमची सही आहे, ज्या जागा घेतल्या होत्या त्या सोडल्या. आता हे पुढे आणलं तर लोक म्हणतील, संस्था अंग काढून घेतेय आणि गेलेल्या पोराच्या घरावर ढकलतेय. माणूस वाईट नाही. दारापर्यंत सोडायला आले.

त्या मुलीला फोन केला, चुना मारलेल्या गावातल्या. काय सांगणार होते ते मलाही माहीत नव्हतं. नंबर बदलला आहे.

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाचांत जे होतं ते तुला कळण्यासारखं आहे, म्हणून फाडलं. आपण एका घरात वाढलो. मला शाळेत उशीर झाला की माझ्या वतीने तूच चिठ्ठी लिहायचास.

मला सांगून काय होणार, दादा? माझं नाव त्या यादीत नव्हतं. ज्यांची होती त्यांना सांग. आणि आधी वहिनीला.

छोटी


३० मे

छोटी,

तू म्हणालीस तसं केलं. तुझं उत्तर येईल म्हणून लिहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

वहिनीला त्याच आठवड्यात सांगितलं. ती गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "त्याला कळलं होतं?" नाही म्हणालो. "मग बरं," म्हणाली. इस्त्री पुरी केली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या भावाकडे सामान हलवलं. दवाखाना तिथून लांब पडतो, दोन बस बदलाव्या लागतात. तरी तिथूनच जाते. तुझ्याबद्दल तिने काही म्हटलं नाही, पण जाताना तुझा पत्ता लिहून नेला.

मग बावीस घरं. माझ्याकडची प्रत घेऊन निघालो, पत्ते तिच्यावर पुरे आहेत. नऊ घरांत आता दुसरे लोक राहतात, जुने कुठे गेले ते सांगत नाहीत. चार ठिकाणी दार उघडलं नाही. बाकी ठिकाणी मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळीकडे तीच तीन वाक्यं म्हणतो, नाहीतर मला पुढे बोलता येत नाही. आजोबाच्या वडिलांनी ऐकून घेतलं, आतून बायकोला बोलावलं आणि म्हणाले, हिच्यासमोर पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं.

खांबाचा उजवा डोळा गेला आहे. तो ओसरीवर बसला होता. मला म्हणाला, "काका, सांगून तुम्हाला हलकं वाटेल. मी काय करू त्याचं?" त्याच्या आईने मला पाणीही विचारलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

काडीचं घर पलीकडे, पुलापासून चौथं. तिथे मी शेवटी गेलो, पाय निघत नव्हता म्हणून. तिच्या वडिलांनी मला आत बसवलं. आत बसवणारे ते एकटेच. माझं ऐकून झाल्यावर त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, काका, आम्हाला वाटलं मुकादमाने दिली. ऑफिसात त्याची आत्या आहे, तिच्याकडे कायमची नोकरी मिळावी म्हणून त्याने आमची नावं विकली, असं सगळे म्हणत होते. आम्हीही म्हटलं.

तेव्हा कळलं की तो गेल्यावर ती बावीस पोरं का आली नाहीत, आणि काडी फेब्रुवारीत रस्त्यावर का उभी राहिली. मी तुला घाबरली असेल असं लिहिलं होतं. ती घाबरलेली नव्हती.

तो त्या शेवटच्या दिवशी दोन्ही बाजूंची घरं एकेक करत फिरला. कुठेच दार उघडलं नाही. शेवटचं घर काडीचं. तिच्या वडिलांनी आतून कडी घातली होती. ती खिडकीशी होती. मी विचारलं, तो काय बोलला? तिला सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाला, यादी आमच्या घरातून गेली नाही. मी बाबांना विचारलंय. ते नाही म्हणाले, म्हणजे नाही."

तिचे वडील म्हणाले, आम्ही आत हसलो होतो, बापाला पुढे करतोय म्हणून. पुलावर माणसं जमलेली त्यांना खिडकीतून दिसत होती. त्याला आत घ्यावं असं तेव्हा वाटलं नाही, म्हणाले.

तो दाराशी किती वेळ उभा होता, असं मी विचारलं.

बराच वेळ, काडी म्हणाली.

दादा